माझ्या वाट्याचं पथ्य

माय, काल मी रामदासपेठेत एका चामडीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. माझ्यासाठी नाही, तुझ्या नातीसाठी. तिला तू पाहिलेलं नाहीस. नववीत आहे, अंगानं माझ्यावर गेली आहे आणि जिभेनं तुझ्यावर. आणि या उन्हाळ्यापासून कपाळापासून हनुवटीपर्यंत मुरूम, लाल, ठणकणारे, टोकाला पिवळे, अगदी माझे होते तसेच. डॉक्टर पोरगेलासाच होता. त्यानं दिव्याखाली तिचं तोंड इकडून तिकडे फिरवलं, एक ट्यूब लिहून दिली, नखं लावू नको म्हणाला, संपलं. मी विचारलं, खाण्यापिण्याचं काय? तर म्हणे, "साधं घरचं जेवण द्या. एखाद्याला एखादी गोष्ट बाधते, ती तेवढी टाळा. उपाशी ठेवून मुरूम जात नसतात, ताई." मी उठायला पाहिजे होतं. पण तोंडातून निघूनच गेलं, "आणि आईनं पथ्य पाळलं तर?" त्याचा पेन थांबला. "कोणाच्या आईनं?" "मुलीच्या." तो माझ्याकडे पाहून हसला, मग कंपाउंडर हसला, पोरीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणून मीही हसले. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि मला तुझा इतका राग आला, इतका राग आला की पोरगी विचारून राहिली, आई, काय झालं? इतक्या वर्षांनी कोणी मेलेल्या माणसावर असं चिडतं का? मी चिडले. अजूनही आहे. म्हणून हे लिहायला बसले.

तुला आपलं घर आठवतं ना, टिनाच्या दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेली जागा आणि नीम. बा गिरणीत, आणि तू दारात भिंतीला पाठ टेकून, मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, दिवसभर विड्या वळत. बोटं चालायची आणि तोंडही चालायचं. रस्त्यानं जाणारा एकही माणूस तुझ्या तोंडून सुटायचा नाही. मला मुरूम उठले त्या वर्षी मी शाळेतून आले की सरळ मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलींनी माझं नाव सीताफळ ठेवलं होतं. सुरुवातीला मागून म्हणायच्या, मग तोंडावर म्हणायला लागल्या. एक दिवस मी दप्तर फेकून सांगितलं, मी उद्यापासून शाळेत जात नाही, तुझ्याजवळ बसून विड्या वळीन. तुझी बोटं थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. "कोण म्हणते सीताफळ? नाव सांग. तिच्या घरी जातो अन् तिच्या मायले विचारतो," असं म्हणालीस खरं, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. घाबरली होतीस. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणालीस, "पोरी, आमी सारी जिंदगी मान खाली घालून चाललो. तू मास्तरीण होशीन तं साठ लेकरं मान वर करून तुह्या तोंडाकडे पाहतीन. तोंडापायी शाळा सोडतं का वं?" मी म्हटलं, याच तोंडाकडे? भाकर उलटायची राहिली आणि करपली.

दुसऱ्या दिवसापासून तुझं औषधपाणी सुरू झालं. बापा, काय काय केलंस तू माझ्या तोंडावर! संत्र्याच्या हंगामात शेजारपाजारच्या घरातून साली मागून आणल्यास आणि टिनावर वाळत घातल्यास. त्या कुटायच्या, चाळायच्या, मसुरीच्या पिठात आणि ताकात कालवायच्या आणि माझ्या तोंडावर थापायच्या. ते वाळलं की चामडी ओढून धरल्यासारखी व्हायची, बोलता येत नसे, आणि बा बाहेरून आला की म्हणे, "भिंत लिपली का वं आज?" नीमाचा पाला पाट्यावर वाटायचीस, हिरवं कडू पाणी गळ्यात उतरायचं. कोणीतरी हळद आणि लिंबू सांगितलं, ते लावून तू मला उन्हात बसवलंस, आणि संध्याकाळपर्यंत गाल भाजल्यासारखे काळेलाल झाले, तेव्हा तू स्वतःच्याच तोंडात मारून घेतलीस. मुलतानी माती झाली, कोरफड झाली. आणि ती सकाळची बासी थुंकी! डोळे उघडायच्या आत, चूळ भरायच्या आत, तू अंथरुणातच माझ्यावर वाकायचीस आणि बोट ओलं करून एकेका मुरमावर लावायचीस. मी किळसानं तोंड फिरवलं की हनुवटी धरून परत वळवायचीस. तुझ्या बोटांना जर्द्याचा वास होता. तो जर्दा गरम, तो माझ्या तोंडाला लागू नये म्हणून तू आधी राखेनं हात घासायचीस, मग लिंबाची साल चोळायचीस, मग दुखऱ्या नखांत पाणी जाऊन चरचरलं की हात झटकायचीस. तरी वास जात नव्हता. अजून कोणी पानठेल्यावर विडी पेटवली की माझे गाल ताणल्यासारखे होतात.

यातल्या कशानं काही वाईट झालं नाही, ते उन्हाचं सोडलं तर. बरंही झालं नाही. एक बसला की दोन उठायचे. वाईट झालं ते इतवारीत.

इतवारीतल्या वैद्याकडे तू मला घेऊन गेलीस ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. तू धुतलेलं पांढरं लुगडं नेसली आहेस, आपण पायीच गेलो आहोत, माझ्या डोक्यावर ओढणी पुढपर्यंत ओढलेली आहे. दुकानात काचेच्या बरण्या, लाकडी बाक, बाकावर गर्दी. वैद्यबुवा म्हातारे, शांत, तुसडे नव्हते. आपली वस्ती कोणती ते विचारलं, तू मान वर करून सांगितलंस, तरी त्यांनी न बिचकता माझी नाडी हातात घेतली. एवढ्यावरच तू त्यांना मोठं माणूस ठरवून टाकलंस, ते मला तेव्हाच कळलं. त्यांनी माझी जीभ पाहिली, तोंड पाहिलं, म्हणाले, उष्णता आहे. रक्तात उष्णता आहे. मग सहज, पुड्या बांधता बांधता, तुझ्याकडे पाहून विचारलं, "तुमच्या अंगात उष्णता आहे का बाई? आईकडूनच उतरते पोरीत." आणि तू पांढरी पडलीस. मला वाटलं, दमली असशील, चालून आलो म्हणून. काय झालं होतं ते मला पुढं दवाखान्यात कळलं. वर्षभरापासून तुझं अंगावर जात होतं, महिन्याचे दिवस संपतच नव्हते, पंधरा पंधरा दिवस चालायचं, आणि तू ते कोणालाही सांगितलं नव्हतंस. धुतलेले कपडे लुगड्याखाली झाकून वाळवत होतीस. आणि या माणसानं नुसती माझी नाडी धरून तुझ्या पोटातली गोष्ट सांगितली, असं तुला वाटलं. तो बिचारा प्रत्येक बाईला तेच विचारत असेल.

मग त्यानं पथ्य सांगितलं. तेलकट नाही, तिखट नाही. अंडं नाही, मटण नाही, सुकी मच्छी नाही. गूळ नाही, तीळ नाही, भुईमुगाचे दाणे नाही, वांगं नाही, मेथी नाही. आंबा आणि पपई तर नावच नाही. तू मान हलवून हलवून सगळं डोक्यात भरून घेत होतीस. आणि मग तू तो प्रश्न विचारलास. "बुवा, लेकरू अंगावर पीत असलं अन् त्याले काई झालं, तं पथ्य मायले पाळा लागते ना? तसं हे मी पाळलं तं?" मी सोळा वर्षांची घोडी तिथं उभी होते, बाकावरच्या बाया हसायला लागल्या, मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. वैद्यबुवांसमोर पुढचा पेशंट हात पुढे करून बसला होता. ते त्याच्या नाडीवर बोटं ठेवून म्हणाले, "पाळा, पाळा. दोघींनी पाळलं तर चांगलंच आहे." एवढंच. त्यांनी पुन्हा आपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला ते पथ्य झेपलं नाही. लौकीची पाणचट भाजी, मुगाचं पाणी, बिनमिरचीचं वरण आणि भाकर. मी आठवड्याभरात ताट सरकवून रडायला बसले. मला परीक्षेचा अभ्यास होता, पोट भरत नव्हतं, आणि मुरूम होते तसेच होते. तू माझ्यासमोर बसलीस. माझ्या ताटातली लौकी उचलून आपल्या ताटात घेतलीस आणि बाच्या भाजीतलं वांगं, तर्रीसकट, माझ्या ताटात वाढलंस. "खा. शिकणारं डोकं हाय, त्याले ताकद पाहिजे. तुह्या वाट्याचं पथ्य मी पाळीन. माह्याच रक्तातून आलं ते, माह्याच रक्तातून जाईन." आणि मी खाल्लं. भूक लागली होती, मी खाल्लं. त्या दिवसापासून माझ्या ताटात अंडं आलं, गूळ आला, सुकट आली, आणि तुझ्या ताटातून ते सगळं गेलं, आणि वर सकाळी उपाशीपोटी नीमाचा रस तू पेलाभर पिऊ लागलीस. तोंड वाकडं न करता पीत होतीस, मला दाखवून.

आता इथं मला खरा राग येतो. कारण तू भोळी नव्हतीस. अडाणी होतीस, पण भोळी नव्हतीस. धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी पाच वर्षांची असेन, बाच्या खांद्यावर बसून गर्दीतली पांढरी पांढरी माणसं पाहिल्याचं मला धूसर आठवतं. घरी येऊन तू देव्हारा उपसलास. टाक, मूर्ती, ताईत, काळे दोरे, सगळं टोपल्यात भरून नदीत सोडून आलीस आणि त्या कोनाड्यात कंदील ठेवलास. उपास गेले, नवस गेले, अंगारे गेले. वस्तीत कोणी चोरून सोमवार धरला की तुझ्या नजरेतून सुटायचं नाही. शेजारच्या काकूला तर तू चारचौघींत फाडून खाल्लं होतंस, "नवं पाणी अंगावर घेतलं अन् जुनाच देव पोटात लपवला का वं?" ती काकू मग तुझ्यावर टपूनच होती. तिनं एका रविवारी पाहिलं की घरी कलेजी शिजली आहे आणि तू कोरडी भाकर मुगाच्या पाण्यात बुडवून खात आहेस. दारातूनच ओरडली, "काहून वं, धरला का उपास? कोणाचा धरला?" सगळी गल्ली ऐकून राहिली. तू ताडकन उठलीस. "उपास धरे माही चप्पल! पोट बरं नाही माह्यं." बस. तेव्हापासून तेच. पोट बरं नाही. पथ्य आहे म्हणाली असतीस तर तिनं म्हटलं असतं, एकच गोष्ट आहे, नाव बदललं. ते तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. बानं एकदा घरात विचारलंच होतं, "देव काढून फेकले अन् आता लेकीच्या तोंडासाठी उपाशी राहून राहिली, हे काय नवीन?" तू चिडून म्हणालीस, "उपास देवासाठी असते. हे औषध हाय. वैद्यानं सांगतलं." औषध म्हटल्यावर तो काय बोलणार? मी माझ्या ताटातलं खात राहिले. आणि तू वाळत गेलीस.

वाळत गेलीस आणि आम्हाला त्याचं कारण ठाऊक होतं, हेच तर सगळं दुर्दैव आहे ना माय! बाहेरच्यांना वाटे पोट बरं नाही, आम्हाला वाटे पथ्य आहे. पायऱ्या चढून धाप लागली, पथ्य आहे. पाय सुजले, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी आली, पथ्य आहे, संपलं की भरून येईल. तुझे ओठ कागदासारखे झाले होते. नखं वाकली होती, विडीला दोरा बांधताना दोरा निसटायचा. तू माती खायला लागली होतीस. भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकताना मी तुला पाहिलं, तर हसून म्हणालीस, "थंड असते." आणि मधल्या काळात काय झालं, तर माझं कपाळ साफ व्हायला लागलं. कशानं झालं देव जाणे, देव तरी कुठून आणू, वयानं झालं असेल, थंडी पडली म्हणून झालं असेल. पण झालं. तू मला उजेडात नेऊन पाहायचीस, अंगठ्यानं कपाळ चाचपायचीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद असायचा की जणू काही तू ते मुरूम एकेक करून आपल्या हातानं वेचून काढले आहेत. मी शाळेत जायला लागले. मान वर करून जायला लागले, हेही खरं आहे.

तू पडलीस तेव्हा मी घरीच होते. सूप मांडीवरून घसरलं, जर्दा सगळीकडे पसरला, आणि तू तशीच एका अंगावर कलंडलीस. मला पहिल्यांदा तो जर्दा सांडल्याचंच वाईट वाटलं, इतकं मला काही कळत नव्हतं. तुला उचलायला गेले तर लुगडं मागून भिजलेलं. शेजारची काकूच धावून आली, तिनंच बैलबंडी थांबवली, तिनंच आपलं धडुतं तुझ्या अंगावर टाकलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तुझी खालची पापणी ओढून पाहिली आणि बावर ओरडली, "हिच्या अंगात रक्त कुठं आहे? काय खाते ही?" बा माझ्याकडे पाहू लागला. मी सांगितलं. काय काय खात नाही ते सगळं सांगितलं, एकेक नाव घेऊन, अंडं, कलेजी, गूळ, तीळ, मेथी, सुकट. बाई ऐकत गेली आणि तिचा आवाज उतरत गेला. म्हणाली, ज्यानं रक्त भरतं ते सगळंच हिनं सोडलं. पिशवीत गाठ आहे, त्यानं इतके दिवस रक्त जातंय, ऑपरेशन करावं लागेल, पण अशा अंगावर सुरी ठेवता येत नाही. आधी रक्त भरायचं. बाचं रक्त घेतलं. माझं जुळलं नाही. तुझ्या रक्तातून माझ्या रक्तात सगळं उतरलं म्हणत होतीस ना? जुळलं नाही ते, माय.

बाचं रक्त चढवल्यावर तुला थोडी तरतरी आली. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, आता खाऊ घाला, जेवढं जाईल तेवढं. बा डब्यात कलेजी घेऊन आला, घरी त्यानं स्वतः शिजवली होती, मीठ जास्त पडलं होतं. मी घास करून तुझ्या तोंडाशी धरला. तू तोंड मिटून घेतलंस. मग म्हणालीस, "जवळ ये. खिडकीकडे कर तोंड." तुझा हात वर येईना, मी तो उचलून माझ्या गालाला लावला. तू अंगठा फिरवलास. "पाह्य, कपाळ निवळलं. हे गालावरचेही बसून राहिले. आता थोड्यासाठी पथ्य मोडू का वं?" मी ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून बसल्या, मी इतकी ओरडले. "मरशीन वं माय! खाशीन नाही तं मरशीन! खड्ड्यात गेलं माह्यं तोंड!" तू शांतपणे म्हणालीस, "असं बोलू नाही. परीक्षा झाली का मग खाईन." बा भिंतीला टेकून उभा होता. गिरणीत त्याचा आवाज साच्यांच्या खडखडाटाच्या वर जायचा, तो माणूस पोरासारखा हात जोडून म्हणाला, "माह्यासाठी खाय. एवढा गुळाचा खडा तरी खाय." तेव्हा तू त्याच्या हातचा खडा घेतलास आणि तोंडात टाकलास. बाचा चेहरा खुलला. त्यानंतर तो रोज येताना गूळ आणायचा, रोज तू घ्यायचीस, तो कामावर जायचा. आम्हाला वाटलं, वाचली.

तू वाचली नाहीस. एका दुपारी धाप वाढली, डॉक्टरीणबाईनं छातीला नळी लावली आणि बाला बाहेर नेलं. हृदय थकलं म्हणे, रक्ताऐवजी पाणी ओढून ओढून. ऑपरेशनची पाळी आलीच नाही. तुला खाली उतरवल्यावर दवाखान्यातल्या बाईनं गादी उचलली, तर पायाकडच्या बाजूला, लोखंडी पट्टीच्या आत, मुंग्यांची रांग लागली होती. कागदाच्या पुडीत गुळाचे खडे होते. चघळलेले नव्हते, फक्त ओले होऊन वाळलेले. बानं ते पाहिलं. त्यानं पुडी खिशात टाकली आणि मुंग्या त्याच्या सदऱ्यावर चढत राहिल्या, तशाच अवस्थेत तो तुझ्याबरोबर घाटावर गेला. त्यानंतर तो जगला तेवढी वर्षं आमच्या घरात गूळ आला नाही.

आणि मुरूम? परत आले. तू गेल्यावर महिना झाला नसेल, कपाळ, गाल, मान, पाठ, सगळीकडून उठले, आधीपेक्षा मोठे. परीक्षेला मी तेच तोंड घेऊन बसले. मास्तरीणबाईंच्या ट्रेनिंगला तेच तोंड घेऊन गेले. तिथल्या मेसमध्ये तेल, तिखट, बटाटे, सगळं खाल्लं, आणि विशीनंतर कधीतरी, माझं लक्षही नसताना, ते गेले. जसे आले तसे गेले. खड्डे राहिले. साठ लेकरं रोज मान वर करून त्या खड्ड्यांकडे पाहतात, आणि तुला सांगते, एकालाही त्याचं काही पडलेलं नाही. त्यांना फक्त घंटा कधी होते ते पाहिजे असतं. तू एवढं पाहिलं असतंस तर! एकदा दारातून डोकावून पाहिलं असतंस तरी पुरे होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी तू कोणत्या भावात काय दिलंस, मला तुला खांद्याला धरून हलवून विचारावंसं वाटतं, काहून वं? काहून केलं असं? कोणी सांगितलं होतं तुला? आणि मग मला आठवतं की कोणी सांगितलं होतं, आणि त्यानं तरी काय चुकीचं केलं, त्याच्यापुढं गर्दी होती.

आज रविवार आहे. तुझ्या जावयानं सकाळीच कलेजी आणली. आता आम्ही हुडकेश्वरकडे राहतो, दोन खोल्याच आहेत पण वर स्लॅब आहे. पोरीनं कालची ट्यूब लावली होती, गाल पांढरे करून फिरत होती, वडील म्हणाले, "पावडर कमी लाव," आणि ती त्यांच्यावर फिस्कारली. मी कांदा परतला, मसाला वाटला, घरभर वास सुटला. पोरीच्या ताटात चांगले तुकडे पाहून वाढले. डॉक्टरनं सांगितलंच आहे, साधं घरचं जेवण द्या. मला सगळं ठाऊक आहे, माय. आईच्या खाण्यानं मुलीच्या तोंडावर काही होत नाही, हे मी वर्गात शरीरशास्त्र शिकवताना सांगू शकते, फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. जेवताना पोरीनं माझ्या ताटाकडे पाहिलं. भाकर होती आणि वरण होतं. तिनं विचारलं, "आई, तू काहून नाही घेतली?" मी म्हटलं, पोट बरं नाही. ती पुढं जेवू लागली.

हे पत्र मी कुठं पाठवणार? आता घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवीन, सुयांच्या खाली. फक्त तुला एकटीलाच सांगते. माझं पोट चांगलं आहे.